चार ओळींची शिफारस

त्या वर्षी गवत उगवलंच नाही म्हटलं तरी चालेल. मे महिन्यात जे चार बोटं वर आलं ते जूनमध्ये तांबडं पडलं, आणि जुलैत टोळधाडीनं उरलंसुरलं संपवून आमच्या दाताळ्यांच्या दांड्यांना तोंड लावलं. दांड्यात माणसाच्या घामाचं मीठ मुरलेलं असतं, ते टोळांना आवडतं. माझ्या दाताळ्याचा दांडा वडिलांच्या वेळचा होता. तोही खरवडून खाल्ला मेल्यांनी.

ऑगस्टमध्ये व्हर्लिन ट्वेटनं रशियन काट्याचं तण कापायला काढलं. आमच्या डकोटाच्या पश्चिम भागात तेव्हा हिरवं म्हणून तेवढंच उरलं होतं. कोवळं असलं तर गुरं ते खातात, पण नाइलाजानं, आपण निवडणुकीत मत देतो तशी. व्हर्लिन माझा शेजारी, म्हणजे मधे तीन मैल. मी एकाहत्तरीचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ट्वेटांच्या शेतावर माणूस कमी पडला की मी जायचो आणि माझ्याकडे कमी पडला की ते यायचे. ते म्हणजे बहुतेक वेळा त्यांची सिग्नेच.

सिग्ने सतरा वर्षांची होती. बेलर यंत्रातून तणाचे बांधलेले गठ्ठे पडायचे आणि ती ते उचलून गाडीवर रचायची. कातडी हातमोजे घातले तरी काटे मोज्यातून आत शिरायचे. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत देवी आल्यासारखे फुलले होते. त्या दिवशी दुपारी गाडीच्या सावलीत पाणी पिताना ती म्हणाली, "लीलंडकाका, तुमच्याकडे एक काम होतं."

"ट्रॅक्टर नको मागू. क्लच गेलाय त्याचा."

"ट्रॅक्टर नको. पत्र पाहिजे."

"कुणाला?"

"संसदेतल्या आपल्या प्रतिनिधीला."

मी पाण्याचा डबा खाली ठेवला. मग तिनं सगळं सांगितलं. तिला वेस्ट पॉइंटला जायचं होतं, सैन्यात अधिकारी व्हायला. शिक्षण, जेवण, कपडे सगळं सरकारचं. पण नुसते मार्क असून तिथलं दार उघडत नाही. आधी कुणीतरी नाव सुचवावं लागतं. आमच्या राज्याचे दोन सिनेटर आणि एक प्रतिनिधी, हे तिघं ते करू शकतात. एकेकाकडे त्या वर्षी एकच जागा रिकामी होती, आणि एका जागेसाठी दहा नावं पाठवायची होती. अर्ज मात्र शेकड्यांनी येतात. अर्जाबरोबर तीन शिफारशी लागतात. एक मुख्याध्यापकांची, एक शिक्षकाची, आणि एक ज्यानं तुम्हाला काम करताना पाहिलंय अशा माणसाची. पत्र लिहिणाऱ्यानं ते पाकिटात बंद करून स्वतःच पाठवायचं. उमेदवारानं वाचायचं नाही.

"यात नाव आलं नाही तर?"

"तर माझी फाइल तिथं कुणी उघडणारसुद्धा नाही."

व्हर्लिन बेलरखालून सगळं ऐकत होता. ग्रीसनं काळे झालेले हात पुसत तो बाहेर आला, कमरेत लंगडत. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उलटून त्याचं कमरेचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून तो असाच चालायचा.

"मोठ्या माणसांच्या दारात जायचं आणि म्हणायचं, माझं नाव घाला," तो मला म्हणाला. "आपल्यात कुणी केलंय असं, दादा?"

"नियमच तसा आहे, बाबा."

"असेल. मी नाही म्हणत नाही. बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. पण सिग्नेनं ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचा गठ्ठा उचलला.

---

पत्राला मी चार दिवस घेतले.

आमचे लोक नॉर्वेतून आले तेव्हा बरोबर फारसं सामान नव्हतं, आणि शब्द तर त्याहून कमी. स्वतःची पाठ थोपटणारा माणूस आमच्यात चोरापेक्षा वाईट. दुसऱ्याची स्तुती करायची तरी हात राखून करायची, कारण फार बोललं की ऐकणाऱ्याला वाटतं, यात काहीतरी खोट आहे, म्हणूनच हा इतका बोलतोय. गाय विकताना जो 'काय गाय आहे, काय गाय आहे' करतो त्याची गाय लाथा मारते, हे शेंबडं पोरही जाणतं. माझी इंगा गेली तेव्हा पाद्री तिच्या शवपेटीपाशी उभा राहून एवढंच म्हणाला, "तिचा कुणाला त्रास झाला नाही." अख्खं चर्च रडलं. त्याहून मोठं कुणी काय बोलणार?

आणि सगळ्यात वरचा शब्द म्हणजे 'चालेल'. नवा बैल, नवा पाद्री, सून, कुणाबद्दलही म्हातारी माणसं 'चालेल' म्हणाली की विषय संपला. वडिलांनी माझ्याबद्दल तो शब्द एकदाच वापरला होता, मी चौतीस वर्षांचा असताना. तो दिवस मला अजून आठवतो.

तर मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पहिल्यांदा दोन पानं लिहिली. वाचून लाज वाटली. त्यात व्हर्लिनच्या अपघाताची हकिगत होती. तो नऊ आठवडे इस्पितळात असताना ह्या पोरीनं, पंधराव्या वर्षी, सगळं शेत कसं चालवलं ते होतं. पण शेजाऱ्याची पडझड अशी सरकारी कागदावर कशी मांडायची? व्हर्लिनच्या घरात दोन महिने कर्ता पुरुष नव्हता, हे मी राजधानीतल्या अनोळखी माणसांना का सांगू? मी ती पानं चुलीत घातली आणि खाडाखोड करत करत चार ओळींवर आणलं. मग स्वच्छ कागदावर उतरवून कच्चा कागद खणात ठेवला.

'सिग्ने ट्वेट हिला मी जन्मापासून ओळखतो.
कामाला बोलावलं की येते.
एक गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही, कुरकुर करत नाही.
चालेल.'

खाली सही केली. खरं सांगतो, मला त्या पत्राचा अभिमान वाटला. इतकं चांगलं मी आयुष्यात कुणाबद्दल लिहिलं नव्हतं. पोस्टात टाकताना कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, पोरीचं काम झालं म्हणून समजा.

---

सप्टेंबरात तिची शारीरिक परीक्षा होती. गोठ्याच्या तुळईला लटकून ती रोज अंग वर खेचायची. तुळईला गुळगुळीत पट्टा पडला होता. एक प्रकार असा होता की गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल लांब फेकायचा. कुंपणाची तार मोजायची टेप घेऊन मी मोजायला उभा राहायचो.

"किती, काका?"

"मघापेक्षा हातभर जास्त."

"म्हणजे बरं आहे?"

"वाईट नाही."

ती हसायची आणि परत गुडघे टेकायची. जमीन विटेसारखी झाली होती, पँटच्या गुडघ्यावर रक्ताचे डाग पडायचे. तिची आई डॉना खिडकीतून बघायची. डॉना आमच्यातली नव्हती, पूर्वेकडच्या शहरातून लग्न होऊन आलेली. बोलून मोकळं व्हायची तिला सवय.

"दादा, तिला जरा तोंड उघडायला शिकवा," एकदा मला म्हणाली. "बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. ही आणि हिचा बाप, जेवताना मीठ मागायलासुद्धा लाजतात."

"सोनं असलं की कळतं माणसाला," मी म्हणालो.

ऑक्टोबरात व्हर्लिननं अर्ध्याहून जास्त गुरं बाजारात पाठवली. तणाच्या गठ्ठ्यांवर हिवाळा निघेना. गाईंना हगवण लागली होती, पाठीची हाडं वर आली होती. ट्रकमध्ये चढवताना सिग्ने दारापाशी उभी राहून एकेकीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवत होती. जिला तिनं स्वतः बाटलीनं वाढवलं होतं ती कालवड चढेना, तेव्हा तीच पुढे झाली आणि कालवड तिच्यामागून मुकाट चढली. व्हर्लिन त्या वेळी कुंपणाची सैल तार घट्ट करायला निघून गेला. तार सैल नव्हती.

---

मुलाखतीचं बोलावणं प्रतिनिधीकडून आलं, नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी. दोघा सिनेटरांनी नुसत्या कागदांवर निकाल लावला होता, आणि दोन्हीकडून 'खेद वाटतो' आलं होतं. म्हणजे राहिला होता हा एकच दरवाजा. व्हर्लिनला कमरेमुळे एकशेचाळीस मैल गाडी चालवणं जमत नव्हतं, आणि डॉनाला त्या दिवशी दवाखान्यातल्या नोकरीवर जायचं होतं. मी माझा पिकअप काढला.

सिग्नेनं शाळेतल्या बाईंचा निळा कोट मागून आणला होता. बाह्या आखूड होत्या. मनगटं बाहेर राहत होती आणि त्यांवर तणाच्या काट्यांचे तपकिरी ठिपके अजून होते. ती वाटभर बाह्या खाली ओढत होती.

आमच्या राज्याच्या राजधानीतल्या त्या इमारतीत एक लांब ओसरी होती, गालिचा अंथरलेली. भिंतीला खुर्च्या, त्यांवर मुलं, आणि मुलांशेजारी बाप. सगळ्या मुलांचे कोट त्यांच्याच मापाचे. एक बाप दुसऱ्याला सांगत होता की गेल्या निवडणुकीत त्यानं प्रतिनिधीसाहेबांसाठी घरी जेवण ठेवलं होतं. त्याचा मुलगा उठून प्रत्येकाशी हात मिळवत होता, आपलं पूर्ण नाव सांगत होता. आमच्याकडे यायच्या आत सिग्ने पाणी प्यायला उठली. माझ्या बुटांना शेण लागलं होतं ते मला तिथं बसल्यावर दिसलं. मी पाय खुर्चीखाली घेतले.

ती आत वीस मिनिटं होती. नंतर ती तोंड धुवायला गेली, तेवढ्यात आतल्या पाच परीक्षकांपैकी एक बाई कॉफी घ्यायला बाहेर आल्या. पांढरे केस, डोळ्यांना चष्मा. कप भरून परत जाताना माझ्यापुढे थांबल्या.

"आपण ट्वेटच्या बरोबर आलात? नाव काय आपलं?"

"लीलंड ब्रेक्के."

"अच्छा! ते पत्र तुमचंच." त्यांनी आवाज खाली आणला. "ब्रेक्केसाहेब, खरं म्हणजे हे मी विचारायला नको. बाकीच्यांची पत्रं दोन-दोन पानांची आहेत. तुमच्या चार ओळी वाचून आम्ही बुचकळ्यात पडलो. तिच्याबद्दल अजून काही सांगायचंय का तुम्हाला? मी आत जाऊन सांगेन."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. नऊ आठवडे. एप्रिलच्या हिमवादळात कुंपणाची तार हातानं चाचपत गोठ्यापर्यंत गेलेली पोर. अकरा शेतांवरच्या माणसांच्या पाळ्या लावून पेरणी करून घेतलेली पोर, आणि तिनं सांगितलेल्या वेळेला हजर झालेले पन्नाशीचे बाप्ये. ही बाई ऐकायला उभी होती, हातातली कॉफी निवत होती. आणि आजूबाजूच्या खुर्च्यांवर ते बाप बसले होते, कान टवकारून. त्यांच्यादेखत मी आपल्या पोरीची जाहिरात करू? मला वाटलं, बाई मला पारखतेय. गुरांच्या बाजारात घेणारा शेवटी एकदा विचारतो ना, 'अजून काही सांगायचंय?' तेव्हा जो भरमसाट बोलायला लागतो त्याचा सौदा मोडतो.

"लिहिलंय ते खरं आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

परतीला लागून अर्धा तास झाला. मग मीच विचारलं, "काय विचारलं गं?"

"विचारलं, इतक्या मुलांमधून तुलाच का निवडावं."

"मग?"

"म्हटलं, ते तुम्ही ठरवायचंय. माझ्यापेक्षा चांगले असतील."

"बरोबर बोललीस."

"मग विचारलं, कधी कुणाचं नेतृत्व केलंयस का. म्हटलं, नाही. घरचं जे काम असेल ते केलंय." ती खिडकीबाहेर बघत होती. "बाबांच्या त्या वेळचं सांगावंसं वाटलं होतं. पण ते बाबांना कळलं असतं तर?"

"चांगलं केलंस," मी म्हणालो. "शहाणी आहेस."

देवाशपथ, मी तसंच म्हणालो. वाटेत थांबून मी तिला ॲपल पाय खाऊ घातला. आम्ही दोघंही खुशीत होतो.

---

जानेवारीत पाकीट आलं तेव्हा मी ट्वेटांच्या हौदावर होतो. उणे तीस होतं. सिग्ने कुऱ्हाडीनं बर्फ फोडत होती आणि मी दाताळ्यानं तुकडे बाहेर ओढत होतो. उरलेली बावीस गुरं भोवती उभी होती, नाकपुड्यांवर बर्फ धरलेली. डॉना रस्त्यावरच्या पेटीतून टपाल घेऊन चालत आली, कोटाची बटणं न लावता. पाकीट पातळ होतं.

सिग्नेनं हातमोजा दातात धरून हात मोकळा केला, उभ्या उभ्या वाचलं, आणि कागद घडी करून खिशात घातला.

"नाही," ती म्हणाली. मग कुऱ्हाड उचलून राहिलेला कोपरा फोडला. गुरं प्यायला लागली.

डॉना गप्प बसणारी नव्हती. तिनं त्या कार्यालयात टेलिफोन केला. दोन दिवसांनी मी अंडी द्यायला गेलो तर ती ओट्याशी उभी राहून बटाटे सोलत होती, सालीबरोबर निम्मा बटाटा जात होता.

"मार्क पुरेसे होते, दादा. धावण्यात तर पहिल्या पाचात होती. तिथली बाई म्हणाली, दहा नावं गेली, ही अकरावी. म्हणाली, एक शिफारस फार कोरडी होती, लिहिणाऱ्याच्या मनातच नव्हतं असं वाटलं सगळ्यांना. कुणाची ते नाही सांगितलं."

मी अंड्यांची टोपली कुठे ठेवावी ते मला कळेना.

"मुख्याध्यापकच असणार तो," डॉना म्हणाली. "मागच्या वर्षी सिग्नेनं त्याला वर्गात चुकीचं उत्तर दाखवून दिलं होतं. डूख धरला मेल्यानं."

व्हर्लिन टेबलाशी बसला होता, कमरेला गरम पाण्याची पिशवी. "असू दे," एवढंच म्हणाला. मी टोपली खुर्चीवर ठेवली आणि घरी आलो. मी तिथं बोलायला हवं होतं. नाही बोललो. दोनदा गप्प बसलो मी, आणि दुसऱ्यांदा तर नुसता भित्रेपणा होता, त्याला चालीरीतीचं नाव देता येणार नाही.

---

मार्चमध्ये सिग्ने माझ्याकडे आली. दारात बूट काढून टेबलाशी बसली. व्हर्लिनच्या कमरेची दुसरी शस्त्रक्रिया ठरली होती, पैसा लागणार होता.

"काका, गावातल्या वृद्धाश्रमात जागा निघालीय. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळी घालायच्या, भरवायचं. शाळा सुटेपर्यंत शनिवार-रविवार, नंतर रोज. तिथलं सगळं बघणारी आर्डिस हॉवलँड म्हणाली, कुणाचं तरी पत्र आण."

मी खणातून तीन पानं काढून तिच्यापुढे ठेवली. जानेवारीपासून रोज थोडं थोडं लिहिलं होतं. नऊ आठवडे, हिमवादळ, अकरा शेतं, कालवड, सगळं. ज्याला पाठवायचं त्याच्या नावाची जागा कोरी होती, कुणालाही पाठवता येईल असं. तिनं वाचायला सुरुवात केली. तिचे कान लाल झाले. दुसऱ्या पानावर ती थांबली.

"हे आर्डिसला कसं देऊ? तिला वाटेल, मी काहीतरी करून ठेवलंय आणि तुम्ही पांघरूण घालताय."

"आर्डिसला नाही. पुढच्या वर्षी परत अर्ज करता येतो, मी विचारलंय. हे पाठवू. पाहिजे तर मी जाऊन तोंडी सांगतो, सगळ्यांसमोर."

तिनं पानं नीट एकावर एक लावली. "मागच्या वेळी काय लिहिलं होतं तुम्ही?"

खणातच होता तो कच्चा कागद. मी तिच्या हातात दिला. चार ओळी वाचायला कितीसा वेळ लागतो? पण तिनं वेळ घेतला. चुलीवरची किटली उकळून झाकण थडथडायला लागलं तरी मी उठलो नाही.

"माझंच होतं ते," मी म्हणालो. "मुख्याध्यापकाचं नव्हतं."

ती कागदाकडेच बघत होती. तिला सगळं कळलं होतं, आणि तरी त्या शेवटच्या शब्दापाशी तिचं बोट थांबलं होतं. आमच्यातलीच पोर ती. तो शब्द कुणी कुणाबद्दल किती वेळा लिहितो, हे तिला माहीत होतं.

"चांगलं आहे की," ती हळूच म्हणाली. "आर्डिसला हेच देते."

"आणि ही तीन पानं? पुढच्या वर्षाचं?"

तिनं बूट चढवले, नाडी बांधली, दुसरी बांधली.

"बघू," ती म्हणाली.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी घेताना आर्डिस हॉवलँड माझ्या शेजारी येऊन बसली. सिग्नेनं आदल्याच दिवशी काम सुरू केलं होतं.

"तुझ्या चार ओळी वाचल्या आणि म्हटलं, बाई, आजच ये," आर्डिस म्हणाली. "लीलंड ब्रेक्के असं लिहितोय म्हटल्यावर अजून काय विचारायचं? काल एकटीनं नऊ म्हाताऱ्यांना उठवलं, धुतलं, भरवलं. हूं नाही की चूं नाही." तिनं कॉफीचा घोट घेतला, जरा विचार केला, आणि मान हलवली. "चालेल पोरगी."

"हो," मी म्हणालो. माझी कॉफी तशीच गार झाली होती.